मुदत नसलेली सभा

किनवटच्या माणसाला विचारा, तुमचं सरकार नेमकं कुठल्या दिशेला? त्याला चारही दिशांना हात करावा लागेल. जिल्हा नांदेड, जिल्हा परिषदेची पायरी चढायची तर सव्वाशे किलोमीटरहून लांबचा पल्ला. खासदार मात्र हिंगोलीचा, कारण हिंगोली लोकसभा मतदारसंघ हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून केलेला आहे आणि किनवट त्यातला एक तुकडा. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. आणि पन्नास-साठ किलोमीटरवर आदिलाबाद, म्हणजे तेलंगण; १९५६पर्यंत किनवटचं जिल्ह्याचं ठिकाण तेच होतं. 'किनवट जिल्हा करा' ही मागणी इथे इतकी जुनी आहे, की ती आता गावगप्पांचा भाग झाली आहे.

अशा आडबाजूच्या तालुक्यात, डोंगरातल्या एखाद्या गुड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, हातपंप बंद पडला, तर ती गोष्ट वर पोचते कशी? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या मागे मागे जात राहिलं, की भारताच्या राज्यघटनेतल्या एका अजब चिजेपाशी आपण येऊन थांबतो.

वाटेतल्या पायऱ्या आधी पाहू. गुड्यावरची बाई पहिल्यांदा वॉर्डातल्या सदस्याला गाठते, तो सरपंचाला सांगतो, सरपंच ग्रामसेवकाला. (शासनाने २०२४मध्ये या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, गावात अजून 'ग्रामसेवक आले का?' असंच विचारतात.) काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नसेल तर अर्ज किनवटला, पंचायत समितीत, बीडीओ साहेबांच्या टेबलावर. इथे पहिल्यांदा असा लोकप्रतिनिधी भेटतो जो एकट्या गावाचा नाही. पंचायत समितीचा सदस्य एका गणातून निवडून येतो. दोन गण मिळून एक गट, आणि गटाचा सदस्य नांदेडला जिल्हा परिषदेत बसतो. रस्ते, आरोग्य, पाणी यांची खबरबात लोकांना द्यायची आणि लोकांची गाऱ्हाणी टेबलावर मांडायची, हे काम हा 'झेडपी मेंबर' करतो. त्याच्या गटात गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी, तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा सहा भाषांतून गाऱ्हाणं येऊ शकतं, आणि ठराव मात्र एकाच भाषेत लिहिला जातो.

जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा किमान तीन महिन्यांतून एकदा भरते. आधी विषयपत्रिका निघते. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा, मागच्या ठरावांवर काय कार्यवाही झाली त्याचा अनुपालन अहवाल. मग विषय क्रमांक तीन, चार, पाच, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. आणि सगळ्यात शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. मला ही शेवटची ओळ फार आवडते. वरच्या सगळ्या विषयांना खातेप्रमुख फायली बांधून, आकडे पाठ करून आलेले असतात. या ओळीला मात्र कुणीही सदस्य उठतो आणि विचारतो, आमच्या उपकेंद्राला दोन महिने नर्स नाही, साहेबांना माहीत आहे का? साहेबांना माहीत नसतं. ज्या घडीला ते माहीत होतं, त्या घडीला आपला हातपंप, आपली नर्स, आपला वाहून गेलेला पूल ही सरकारी बाब होते. त्याआधी ती नुसती गावातली तक्रार असते.

तालुक्याला आणखी एक सभा असते, आमसभा. पंचायत समितीची ही वर्षातून एकदाची बैठक आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते. वीज, बांधकाम, शेती, पाणीपुरवठा, आरोग्य अशा प्रत्येक खात्याचा अधिकारी उभा राहून आपल्या कामाचा आढावा वाचतो आणि समोरून सरपंच, सदस्य, साधे गावकरी प्रश्न विचारतात. कधी ती गाजते, कधी गुंडाळली जाते. पण जिल्ह्याचं ठिकाण इतकं दूर असलेल्या तालुक्यात अधिकाऱ्याला चारचौघांत विचारायची संधी म्हणून तिचं मोल फार.

ही सगळी रचना कुणाच्या डोक्यातून निघाली, हेही गमतीचं आहे. देशात बलवंतराय मेहता समितीने १९५७मध्ये तीन पायऱ्यांची पंचायत व्यवस्था सुचवली आणि सगळा भर मधल्या पायरीवर, म्हणजे तालुक्यावर दिला. महाराष्ट्राने १९६० साली स्वतःची समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. त्यांच्या समितीने मेहतांचं गणित उलटं केलं: ताकद द्यायची तर जिल्ह्याला द्या, पैसा आणि माणसं हाताशी असतील तरच कारभार होतो. १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा त्यातून आला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. नाईक जन्मले ते पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यात, पैनगंगेच्या पलीकडच्या बाजूला. महाराष्ट्राच्या ग्रामीण कारभाराचा नकाशा किनवटच्या शेजारच्या एका तांड्यावरच्या माणसाने काढलेला आहे. शाळेत पंचायत राज शिकवताना हे सांगायला हवं होतं, म्हणजे तो धडा इतका कोरडा वाटला नसता.

आणि मग २०२२चा मार्च आला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची पाच वर्षांची मुदत तेव्हा संपली. नांदेडचीही संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणुका झाल्या नाहीत, आणि प्रशासक आले. म्हणजे सीईओच सभागृह, सीईओच अध्यक्ष, सीईओच अनुपालन अहवाल देणार आणि घेणार. गण रिकामे, गट रिकामे. हे दोन-चार महिन्यांचं नव्हतं. वर्षांमागून वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असं सांगितलं, तरी वेळापत्रक पुढे सरकतच राहिलं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी गावाला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटायचं ठरलं होतं. लोकनियुक्त मंडळ जागेवर नसेल तर वरचे हे दोन वाटे अडतात. म्हणजे रिकाम्या खुर्चीची किंमत नुसती न विचारलेल्या प्रश्नांत नाही, रुपयांतही मोजावी लागते.

आता आपल्या गुड्यावरची बाई कुणाकडे जाणार? मेंबर 'माजी' झाला. सभापती माजी, अध्यक्ष माजी. पण एक जागा अशी आहे जिला 'माजी' होताच येत नाही, आणि तिची ती स्वतः सदस्य आहे.

घटनेच्या कलम २४३मध्ये ग्रामसभेची व्याख्या आहे. गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा होते. एवढंच. तिला उमेदवारी अर्ज नाही, अनामत नाही, चिन्ह नाही. नाव यादीत चढलं की माणूस सदस्य झाला, मरेपर्यंत किंवा गाव सोडेपर्यंत. ग्रामपंचायतीची मुदत संपते, ती बरखास्त करता येते, तिच्यावर प्रशासक बसवता येतो. ग्रामसभेला मुदत नाही. ती बरखास्त करायची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, कारण त्यासाठी गावच बरखास्त करावं लागेल. कोरोनाच्या काळात सभा भरवायला शासनाने बंदी घातली होती, हे खरं. पण भरवणं थांबवलं, सभा थांबवली नाही. लोकसभा विसर्जित होते, विधानसभा विसर्जित होते, जिल्हा परिषदेवर चार-चार वर्षं प्रशासक राहतो. या सगळ्या डोलाऱ्यात न विसर्जित होणारी थेट लोकांची सभा एकच आहे, आणि ती सगळ्यात खालच्या पायरीवर, शाळेच्या पटांगणात सतरंजीवर भरते.

किनवटमध्ये या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो समजायला निजामाच्या काळात जावं लागतं.

किनवट हा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. सागवानाचं दाट जंगल, गोंड आणि कोलामांच्या वस्त्या, आणि बाहेरून येऊन जमिनी नावावर करून घेणारे लोक. जंगल राखीव झालं तशी आदिवासींची शेतं रानात 'अतिक्रमण' ठरू लागली. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोमराम भीम या गोंड तरुणाने बंड उभारलं आणि १९४०मध्ये जोडेघाट इथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. बंड मोडल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला, ही माणसं इतकी का चिडली? उत्तर शोधायला त्यांना जो माणूस मिळाला तो खरं तर युद्धकैद्यासारखाच होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ. महायुद्ध पेटलं तेव्हा तो हैदराबादेत होता, पासपोर्ट जर्मन, म्हणून शत्रुराष्ट्राचा नागरिक. संस्थानाबाहेर जायची मनाई. मग तो गोंडांमध्ये जाऊन राहिला, पत्नी बेटीसह, उटनूरकडच्या मारलवाई गावात. गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, पंच कसे बसतात, पाटील निर्णय कसा देतो, हे सगळं त्याने लिहून काढलं. त्या दशकात निजाम सरकारने आदिवासी भागांसाठी वेगळा कायदा केला आणि किरकोळ तंटे सोडवण्याचे अधिकार आदिवासींच्या पंचायतींना दिले. संस्थानी राजवटीने, बंडाच्या धास्तीने का होईना, 'यांचे निर्णय यांनाच घेऊ द्या' हे कागदावर लिहिलं. घटना लिहिली जायच्या आधीची ही गोष्ट.

१९५६ला भाषावार राज्यं झाली. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. राजुरा पुढे चंद्रपूरकडे गेला. किनवट नांदेडकडे राहिला आणि मराठवाड्याचा झाला. रेषा मराठी आणि तेलुगू यांच्यामध्ये ओढली गेली. गोंडी बोलणारा माणूस दोन्हीकडे होता. एक भाऊ आंध्रात, एक मुंबई राज्यात, आणि मधे रानातली पायवाट.

पुढे १९८५मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं नव्याने जाहीर झाली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतली ही क्षेत्रं. राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत ती पसरली आहेत. संपूर्ण मराठवाड्यातून त्या यादीत जिल्हा एकच, नांदेड, आणि नांदेडमध्ये किनवट. (माहूर तेव्हा किनवटमध्येच होतं.) किनवटची यादी अख्ख्या तालुक्याची नाही, गावांची आहे. शेजारशेजारच्या दोन गावांपैकी एक यादीत, दुसरं नाही, असंही होतं. एका बांधाच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा.

१९९३मध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायतींना घटनेचं संरक्षण मिळालं. पण त्याच दुरुस्तीतल्या एका कलमाने अनुसूचित क्षेत्रांना बाहेर ठेवलं: तिथे ही व्यवस्था तशीच्या तशी नको, संसदेने वेगळा कायदा करावा. दिलीपसिंग भूरिया समितीने अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ला तो कायदा आला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'पेसा' म्हणतात. किनवटच्या कुठल्याही गावात हा शब्द आता मराठीच आहे: पेसा गाव, पेसा निधी, पेसा मोबिलायझर, पेसा भरती.

पेसाने केलं काय? इतरत्र ग्रामसभा ही ग्रामपंचायतीला विचारणारी सभा आहे. पेसा गावात ती स्वतःच अधिकारी झाली. गौण वनोपजाची मालकी, मोह असो की तेंदूपत्ता, डिंक असो की चारोळी, सावकारीवर नियंत्रण, दारूवर नियंत्रण, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ न देणं, गेलेली परत मिळवणं, गावच्या बाजाराचा कारभार, योजनांचे लाभार्थी कोण ते ठरवणं. आणि ग्रामपंचायतीने पैसा खर्च केला तर त्याचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा. सरपंचाने सभेला हिशेब द्यायचा, उपकार म्हणून नव्हे, कागदावर सही मिळावी म्हणून.

या कायद्याची एक बारीक गंमत अशी, की त्यात प्रत्येक अधिकाराची ताकद वेगळी आहे. वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजाचा ठेका द्यायचा तर ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आधी लागते. जमीन प्रकल्पासाठी संपादित करायची तर मात्र फक्त विचारविनिमय करायचा. म्हणजे पेसाच्या लेखी नदीतली वाळू उपसायला शिफारस हवी, आणि गाव बुडवायला नुसतं विचारलं तरी पुरे! हा विनोद पैनगंगेच्या काठच्या लोकांना कळतो. निम्न पैनगंगा हा महाराष्ट्र आणि तेलंगणाचा आंतरराज्य प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीपासून रेंगाळतो आहे. बुडितातली गावं यवतमाळ आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतली. पिढी बदलली, ठराव होत राहिले, धरण व्हावं म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही आपापल्या जागी आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवं, बुडणाऱ्याला गाव हवं. कुणाची बाजू घ्यायची हे या लेखात ठरणार नाही. पण 'विचारणं' आणि 'संमती घेणं' यांतलं अंतर किती असतं, ते या नदीइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

आणि तरीही, संमतीच्या बाजूने तराजू झुकला तर काय होतं तेही देशाने पाहिलं आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर देव. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ला सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. राज्य सरकारने बारा गावं निवडली. पावसाळ्याच्या दिवसांत, न्यायाधीशाच्या उपस्थितीत एकेक सभा झाली. बाराच्या बारा सभांनी 'नाही' म्हटलं. जगभर पसरलेली एक खाण कंपनी मोजक्या घरांच्या वस्त्यांसमोर थांबली. राजकारणात इतकी छोटी माणसं इतका मोठा दगड अडवताना क्वचितच दिसतात.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हे अधिकार मागून घेतले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. पण मला घोषणेपेक्षा त्यांची पद्धत जास्त विलक्षण वाटते. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. आणि निर्णय घेणारी सभा वेगळी, विषय समजून घेणारा अभ्यास गट वेगळा. आधी नुसतं समजून घ्यायचं, ठरवायचं नाही. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्यांना मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते गावाच्या हाती आलं, म्हणजे परवाना देणारं खातं आता ग्रामसभाच.

हा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६चा. त्यात दावा कुठून सुरू होतो? ग्रामसभेतून. आणि पुरावा म्हणून काय चालतं, हे वाचलं की थक्क व्हायला होतं. सातबारा नाही? ठीक. बांध दाखवा, विहीर दाखवा, पूर्वजांची दफनभूमी दाखवा, देवाची जागा दाखवा. आणि गावातल्या वयस्कर माणसाचं म्हणणं लिहून घ्या, तोही पुरावा. ज्यांच्या आठवणींना कुठल्याच कचेरीत कधी किंमत नव्हती, त्यांचं बोलणं कायद्याने दस्तऐवज मानलं. म्हणूनच या कामासाठीच्या सभेला गणपूर्तीही कडक आहे: निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. साध्या ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असतील तेवढे पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अटच नाही. ही फट सगळ्यांना ठाऊक असते, कारभाऱ्यांना जरा जास्तच.

पण हाच वनहक्क कायदा तांड्यावर गेला की त्याचा चेहरा बदलतो. आदिवासी नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, १३ डिसेंबर २००५च्या आधीचा. पंचाहत्तर वर्षं मागे गेलं की आपण १९३०मध्ये पोचतो. तेव्हा इथे निजाम होता, दफ्तर उर्दूत होतं, आणि जिल्हा आदिलाबाद. किनवटच्या बंजाऱ्याला आपला आजोबा याच रानात होता हे दाखवायला दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या लिपीच्या कागदांत शिरावं लागतं.

इथे आणखी एक गाठ आहे, आणि ती हलकी नाही. पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रातलं सरपंचपद नेहमी अनुसूचित जमातीच्या माणसाकडेच असतं. ते रास्तच, कायदा त्यांच्यासाठीच झाला. पण बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, आणि सीमेपलीकडे तेलंगणात तोच लंबाडा म्हणून १९७७पासून अनुसूचित जमातीत आहे. सोयरे एकच, बोली एकच. सीमेच्या त्या बाजूला अनुसूचित क्षेत्राचा सरपंच होता येतं, या बाजूला येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये मराठा समाजासाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा बंजारा समाजानेही त्याच गॅझेटवर बोट ठेवून अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि मोर्चे निघाले. आदिवासी संघटनांनी उलट मोर्चे काढले: आमच्या हक्काच्या ताटात वाटेकरी नकोत. किनवटमध्ये हे दोन्ही समाज एकाच हातपंपावर पाणी भरतात. १९५६ची रेषा संपली असं वाटतं, आणि मग ती अशी ग्रामसभेच्या सतरंजीवरून जाताना दिसते.

बायकांचं काय, हा प्रश्न कुणीही विचारेल. स्वित्झर्लंडमध्ये आपेनझेल इनररोडेन नावाचा एक चिमुकला प्रांत आहे. तिथे शतकानुशतकं लोक चौकात उघड्यावर जमतात आणि हात वर करून कायदे करतात. जगातली लोकशाहीची पंढरी म्हणून पर्यटक ते बघायला जातात. मतदार असल्याची खूण म्हणून पुरुष कमरेला तलवार लावून येतात. त्या चौकात बायकांना मताचा हक्क मिळाला कधी? १९९०मध्ये, तोही न्यायालयाने खडसावल्यावर. महाराष्ट्रात मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, आणि पंचायतीत निम्म्या जागा २०११पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. महिला सभा कागदावर उरकल्याच्या कहाण्या आहेत, सरपंचबाईंच्या शेजारी 'सरपंचपती' बसल्याच्याही आहेत. पण याच बायकांनी राज्यात कितीतरी गावांतली दारूची दुकानं मतदानाने बंद केली. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारला, की दुकान बंद. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही वाचता येईल अशी इतकी नेमकी मतपत्रिका जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

पैशाशिवाय सभेला वजन येत नाही, हे वसंतराव नाईकांनी जिल्ह्याबद्दल ओळखलं होतं. पेसा गावांबद्दल ते उशिरा उमगलं. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४मध्ये केले, म्हणजे कायद्यानंतर सतरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी ठरलं, की आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचा. त्याला अबंध निधी म्हणतात. त्यातून काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं: पायाभूत सुविधा, वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, जंगल आणि पाणी अशा चौकटीत. रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात येते, तेव्हा छोट्या गुड्याच्या वाट्याला फार येत नाही. पण जिल्हा परिषदेच्या रिकाम्या सभागृहाची वाट न बघता एखादं काम उरकायला ती पुरते. हातपंपाचं तरी नक्की उरकतं.

एवढं सगळं असूनही एक अडचण राहते. ग्रामपंचायत मोठ्या गावाची, तिच्यात चार वाड्या, दोन तांडे, एक कोलाम गुडा. सभा मोठ्या गावात भरते. गुड्यावरची माणसं डोंगर उतरून येईपर्यंत निम्मे विषय संपलेले असतात, आणि उरलेल्यांत त्यांची संख्या किती? यावर पेसाने शोधलेला उपाय सगळ्यात धाडसी आहे. पेसाच्या दृष्टीने महसुली नोंदीतलं गाव ते गाव नव्हेच. एक वस्ती, किंवा काही वस्त्यांचा समूह, जिथे लोक एकत्र राहतात आणि आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतात, ते गाव. महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनी याला वाट करून दिली. गुड्यातल्या मतदारांनी एकत्र बसून ठराव करायचा, की आम्ही वेगळं गाव आहोत. तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, किनवटचा असेल तर किनवटलाच. ठराव द्यायला नांदेडला जायची गरज नाही. चौकशी होते, हद्द पाहिली जाते, आणि मग अधिसूचना निघते. त्या दिवसापासून त्या गुड्याची स्वतःची ग्रामसभा. ग्रामपंचायत तीच, सरपंच तोच, पण आता त्याने या सभेलाही हिशेब द्यायचा, निधीचा त्यांचा वाटा त्यांच्या ग्रामसभा कोषात, आणि रान त्यांच्या वहिवाटीचं असेल तर वनहक्काचा दावाही त्यांचाच.

त्या पहिल्या ठरावासाठी लागतं काय? एक वही, गुड्याची मतदारयादी, हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि मराठीत लिहू शकणारं एक कुणीतरी. बहुतेक गुड्यांवर ते काम दहावी-बारावी शिकलेल्या एखाद्या पोरीकडे येतं.